शिजलेलं टाकू नये

बटाटा अर्धाच होता, उकडलेला, सोललेला, आणि त्याला एक चावा घेतलेला होता. रविवारची सकाळ, नऊ वाजलेले, आणि खताचा खड्डा वरखाली करायचं काम आज दातकाकाच्या गळ्यात आलेलं. खड्ड्याचं जड झाकण त्यानं बाजूला सारलं, लोखंडी पंजा आत खुपसला, तोंडानं श्वास घेत, जोर लावून उचकटला, आणि चहाचा चोथा, कांद्याची सालं, अंड्यांची टरफलं, कुजून काळी पडलेली पानं अशा सगळ्या लगद्यातून तो बटाटा वर आला आणि त्याच्या बुटाशी येऊन थांबला. अळ्या वळवळत होत्या त्याच्याभोवती. वास असा की सांगायची सोय नाही. शी! पहिल्यांदा त्याच्या मनात एवढंच आलं, की कोण हा गलिच्छ माणूस? चार पावलांवर हातभर अक्षरांत पाटी ठोकलीय, ‘कच्चं चालेल, शिजलेलं टाकू नये’, तरी ह्या शहाण्याचं आपलं चालूच. महिनाभर उंदरांनी उच्छाद मांडला होता तो ह्याच्यापायी. पंज्यानं बटाटा परत आत ढकलावा म्हणून त्यानं तो उलटा केला, आणि चाव्याची कडा नजरेला पडली. हात तिथेच थांबला. वरच्या पुढच्या दातांची खूण होती ती. तीन दात ओळीत, सरळ. चौथा, डावीकडचा, सुळ्याला लागून असलेला, जरासा आत वळलेला. तो तसा वळवून कुणी बसवला हे शोधायला त्याला कुठं जायला नको होतं. त्यानंच बसवला होता, मेणात, गरम सुरीनं, श्वास रोखून.

दातकाका हे नाव त्याला इमारतीतल्या पोरांनी दिलं आणि मग थोरांनीही तेच उचललं. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागं, जिन्याखालच्या खोलीत तो सव्वीस वर्षं कवळ्या बनवत होता. पडद्याच्या पलीकडे डॉक्टर, खुर्ची, आ वासलेली माणसं, थुंकी, रक्त. पडद्याच्या अलीकडे हा. त्याच्याकडे तोंड यायचं ते प्लॅस्टरचं. पांढरं, कोरडं, बिनवासाचं, हिरड्यांच्या दोन कमानी आणि मधे टाळूचा घुमट. माणसाचं तोंड असंच असायला हवं होतं, असं त्याला मनापासून वाटायचं. देवानं काय म्हणून ते ओलं केलं कोण जाणे. लग्न न होण्याची कारणं लोकांनी पुष्कळ शोधली, खरं कारण हे की समोरची व्यक्ती हसली की तो आधी दाढा मोजायचा, मग हिरडीचा रंग बघायचा, आणि मग त्याला तिथून कधी उठतो असं व्हायचं. कुणाच्या उष्ट्या पेल्याला त्यानं जन्मात ओठ लावला नाही. बसमध्ये शेजारचा जांभई द्यायला लागला की ह्याची मान खिडकीकडे. आणि अशा माणसाला ह्या लोकांनी खताच्या खड्ड्यावर उभं केलं, आता बोला.

बागेचं हे खूळ दोन वर्षांपूर्वीचं. दोन इमारतींच्या मधे एक जुनं गॅरेज होतं, ते पाडलं आणि जागा तशीच राहिली. विटांचे तुकडे, फुटक्या काचा, मांजरं. मग पलीकडच्या इमारतीतल्या मोठ्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या. तीस वर्षं शाळा चालवलेली बाई घरात काय करणार? त्यांनी सगळ्यांना गोळा केलं, चौदा घरांना चौदा वाफे वाटले, वही घातली, पाटी रंगवली. माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, मातीत हात घातले की ओळखायला लागतील, असं त्या म्हणाल्या. आणि लागली की! कोण काय खातं, कुणाकडे पाहुणे येऊन गेले, कुणाचं दूध नासलं, कोण सालासकट अर्धी भाजी फेकून देतं, सगळं सगळ्यांना कळायला लागलं. पूर्वी ही माणसं जिन्यात भेटली की मान हलवून पुढं जायची, ते काय वाईट होतं? आता ‘काय म्हणतोय तुमचा मुळा?’ म्हणून मातीचे हात खांद्यावर ठेवायची. शेजारचा विमावाला तर घामेजलेल्या बनियनवर यायचा आणि टोमॅटो तोडून त्यालाच पुसून ‘घ्या हो, चावा’ म्हणून तोंडापुढं धरायचा. दातकाका हसून घ्यायचा आणि घरी नेऊन टाकायचा. त्यानं वाफा घेतला तो फक्त आईसाठी. आईनं चालायला हवं, उन्हात बसायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि आई खरंच रमली. रोज अकरा-साडेअकराला काठी टेकत खाली जायची, हातात कापडी पिशवी. संध्याकाळी विचारलं की म्हणायची, ‘गेले होते की बागेत. छान वाटतं रे.’ त्याला बरं वाटायचं. आपण आईसाठी काही करतो आहोत, असं वाटायचं.

पिशवी! पंज्याच्या दांड्यावर रेलून उभ्या असलेल्या त्याच्या डोळ्यांपुढं आता ती पिशवी आली, निळी, आतून प्लॅस्टिकची. तो सकाळी स्वयंपाक करून जायचा. आईची ताटली झाकून ठेवायची, काय आधी खायचं, काय नंतर, सगळं सांगायचं. दुपारी एकला दवाखान्यातून फोन. ‘जेवलीस?’ ‘जेवले.’ ‘सगळं?’ ‘हो रे बाबा, सगळं.’ घरातला कचरा तो स्वतः वेगळा करायचा, ओला एकीकडे, सुका एकीकडे, हातमोजे घालून. त्यात कधी शिताचा कण सापडला नव्हता. मग आईचं वजन का उतरतंय, म्हणून त्यानं दोनदा रक्त तपासून घेतलं होतं. साखर बरोबर, रक्त बरोबर. ‘वय झालं म्हातारीचं,’ आईच म्हणाली होती आणि हसली होती, ते वळलेल्या दाताचं हसू. ह्या हसण्याचं त्याला किती कौतुक! आईचे खरे दात काढले तेव्हा त्यानं तिचा तरुणपणचा फोटो भिंगाखाली धरून दात न् दात तपासला होता. तो वळलेला दात तिथं होता. नवीन कवळीत सगळे दात सरळ बसवतात, गिऱ्हाईक तेच मागतं. त्यानं आईला तिचाच वाकडा दात परत दिला. शेजारणींना तो फोटो आणि आई शेजारी-शेजारी दाखवायचा. ‘दातकाकाच्या हाताला तोड नाही,’ असं लोक म्हणायचे, आणि तो ‘छे हो’ म्हणत सुखावायचा.

पण मापाचं काय? हा प्रश्न त्याला बटाट्यानं विचारला. कवळी बसवल्यापासूनच्या दीड वर्षात त्यानं स्वतःला एकदाही विचारला नव्हता, आणि आता विचारल्याबरोबर उत्तर तयार होतं, जणू ते दारामागंच उभं होतं. माप डॉक्टरनं घ्यायचं असतं. आई म्हणाली, मला त्या खुर्चीची भीती वाटते, तूच घे की घरी. त्यानं घेतलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तिला बसवलं, मापाचा गुलाबी लगदा कालवला, तो भरलेला ट्रे तिच्या तोंडात सारला. जिवंत तोंडात बोट घालण्याची त्याची ती पहिलीच वेळ. गरम होतं ते. ओलं, मऊ, गरम, आणि आतून हलत होतं. आईला ओकारी आली, जीभ मागं सरली, लाळेची धार त्याच्या मनगटावरून बाहीत गेली. त्यानं दात आवळून मिनिटभर धरून ठेवलं, ट्रे काढला आणि सरळ न्हाणीघरात पळाला. साबणानं तीनदा हात धुतला. परत आला तेव्हा आई ओशाळून रुमालानं तोंड पुसत होती. ‘परत घ्यायचंय का रे?’ तिनं विचारलं. खरं तर घ्यायला हवं होतं. माप मागच्या बाजूला सरकलं होतं, डावीकडे एक घडी पडली होती. कालच्या शिकाऊ माणसालाही ती दिसली असती. ‘नको, झालंय झकास,’ तो म्हणाला. आणि दवाखान्यात त्या मापात प्लॅस्टर ओतल्यावर साच्यावर ती घडी उमटली, ती त्यानं सुरीनं खरवडून गुळगुळीत केली. दिसायला साचा कसा सुंदर झाला! आईच्या तोंडात तिथं काय होतं ते आईच्या तोंडालाच ठाऊक. ते परत बघायला नको म्हणून त्यानं प्लॅस्टर खरवडलं होतं. किळस आली होती त्याला. आईची.

आणि मग तो पहिला दिवस. नवे दात बसवले, आरसा दाखवला, आईच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याच्याही आलं. त्यानं सफरचंदाची फोड तिच्या हातात दिली. इतके महिने चिरून, कुस्करून खात होती बिचारी. तिनं चावा घेतला. ‘कसं लागतंय?’ त्यानं विचारलं. आईनं डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, ‘लागतंय.’ नुसतं एवढंच. तो हसला. ‘गोड लागतंय ना?’ आईनं डोळे उघडले, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. खड्ड्याच्या काठावर उभं राहून ते ‘लागतंय’ त्यानं आता परत ऐकलं, दीड वर्षानं, आणि ह्या वेळी नीट ऐकलं. चवीबद्दल बोलतच नव्हती ती. हिरडीला लागत होतं तिच्या. त्यानंतर रोज फोनवर ‘कसं लागलं गं?’ आणि रोज ती ‘छान’. म्हणजे रोज एक चावा घेऊन बघायची. आज तरी जमतंय का, म्हणून. आणि मग उरलेलं पिशवीत. त्यानं हातमोजा काढून बटाटा त्यात गुंडाळला आणि खिशात घातला. का घातला, ते त्याला सांगता आलं नसतं. खिशात तो मांडीला गार लागत राहिला.

दहा वाजता बैठक. उलट्या केलेल्या बादल्या, फळकुटं, एकदोन घडीच्या खुर्च्या असा सगळा दरबार खड्ड्यापासून वाऱ्याच्या वरच्या अंगाला मांडला होता. आई काठी टेकत आली आणि नेहमीच्या बाकावर बसली, तळमजल्यावरच्या शिंपिणीच्या शेजारी. शिंपीण एकटी राहायची. दिवसभर मशीन चालवायची, तिची खिडकी बागेतच उघडायची. तिचा वाफा सगळ्यांत शेवटचा, खड्ड्याला चिकटून, जो कुणाला नको होता तो. आणि गंमत बघा, चौदांत तोच सगळ्यांत भरलेला. घेवडा, कोबी, कडेनं झेंडू. मोठ्या बाईंनी वही उघडली, चष्म्यातून सगळ्यांवर एक नजर फिरवली, आणि तीस वर्षं वर्गात ज्या आवाजात विचारलं असेल त्याच आवाजात म्हणाल्या, ‘शिजलेलं कोण टाकतं?’ मग त्यांनी वहीचं पान उलटलं. ‘पालिकेचा माणूस परवा येऊन गेला. उंदरांची तक्रार आहे. पुढच्या खेपेला तो खड्डा बुजवणार आणि मग बागही जाणार. तेव्हा ज्यानं कुणी टाकलंय त्यानं आत्ताच सांगावं. मी रागावणार नाही.’ हे ‘मी रागावणार नाही’ ऐकून दोन आजोबांनी मान खाली घातली, सवयीनं.

‘विचारायचं काय त्यात?’ विमावाला म्हणाला. त्याचा पुढचा दात दातकाकानं केलेला. बोलताना तो तेवढाच चमकायचा आणि बाकीचे पिवळे. ‘दिवसभर घरी कोण असतं? खड्ड्याशेजारी कोण राहतं? मी नाव घेत नाही. पण दुपारी साडेअकराला मी स्वतः माझ्या गॅलरीतून बघितलंय, झाकण उचलताना. एकदा नाही, चारदा.’ सगळ्यांच्या माना शिंपिणीकडे वळल्या. दातकाकाला त्या वळणाऱ्या मानांचा विलक्षण तिटकारा आला. कालपर्यंत हिच्याकडून फुकट बाह्या आखूड करून नेत होती ही माणसं. शिंपीण उभी राहिली, हातातला दोरा बोटाला गुंडाळत. ‘झाकण उचलते मी, हो. जड आहे ते. पण मी शिजलेलं टाकत नाही.’ ‘मग कोण टाकतं?’ शिंपिणीनं दोऱ्याचा अजून एक वेढा घेतला. ‘सांगा की, तुमच्यासमोर पडतं ना?’ ‘माझ्या घरी शिजतंच किती?’ ती चिडून म्हणाली. ‘दुपारचं मी दूध-ब्रेड खाते. तेसुद्धा आम्ही दोघी वाटून...’ आणि तिनं जीभ चावली. ‘दोघी? तुम्ही तर एकट्या राहता.’ शिंपीण खाली बसली. आई काठीच्या मुठीकडे बघत होती.

दातकाकानं हे ऐकलं आणि त्याला सगळं लखलखीत दिसलं, नको इतकं. ते जड झाकण उचलून धरणारी शिंपीण, पिशवी उलटी करणारी आई. मग दोघी आत जात असणार, मशीनशेजारी बसत असणार. आई दात काढून वाटीशेजारी ठेवत असणार, आणि दुधात कुस्करलेला ब्रेड भुरकत असणार, ओठ आत गेलेले, हनुवटीवर दूध. आणि ही बाई ते बघत बसत असणार, रोज, आणि तिला काही वाटत नसणार. ना नातं, ना गोतं. दीड वर्षं त्याची आई जगली ती ह्या परक्या बाईच्या वाटीवर. दोन शब्दांचं काम होतं, ‘आमच्या घरचं’. ओठांपर्यंत आले ते. पण समोर विमावाला बसला होता, ज्याचा दात त्यानं केला होता. मोठ्या बाईंची वरची अख्खी कवळी त्यानं केली होती. त्या कोपऱ्यातले काका गेल्याच आठवड्यात बायकोला घेऊन आले होते, ‘फक्त तुमच्याच हातचे हवेत’ म्हणून. ह्या सगळ्यांना सांगायचं, की माझ्या हातचे दात माझ्या आईला खाऊ देत नाहीत? मग पुढचा प्रश्न येणार, की असं कसं झालं? मग तो स्टूल, ती लाळ, ते खरवडलेलं प्लॅस्टर. नाही. त्याचं तोंड मिटलेलंच राहिलं.

‘मग असं करू,’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘नियम म्हणजे नियम. त्यांचा वाफा काढून घ्यायचा आणि त्यांना बागेत प्रवेश नाही. पालिकेला तसं लिहून देऊ, म्हणजे बाग वाचेल. एका घराचं एक मत. बाजूनं कोण?’ हात वर व्हायला लागले. आधी विमावाल्याचा, मग भराभर. ह्या लोकांची नखं मातीनं भरलेली होती, आणि ते सगळे एका बाईला हाकलायला निघाले होते, शेजारधर्म वाढीला लागावा म्हणून काढलेल्या बागेत. ओकारी यावी असं दृश्य. आणि त्या हातांत एक हात स्वच्छ होता, नखं बारीक कापलेली, नुकताच साबणानं धुतलेला. तो आपलाच आहे हे दातकाकाला जरा उशिरानं कळलं. मोठ्या बाईंनी मोजून वहीत आकडा लिहिला, ‘बारा.’ ‘विरोधात?’ त्यांनी विचारलं, नुसतं विचारायचं म्हणून. शिंपिणीनं स्वतःचा हातही वर केला नाही. आईनं केला.

आईनं डावा हात वर केला, कारण उजव्यात काठी होती. आणि त्या वर केलेल्या हातात तिचे दात होते. कधी काढले कुणी बघितलं नव्हतं. गुलाबी टाळू, ओळीनं दात, उन्हात ओले चकाकणारे, त्यांतला एक वळलेला. तिचा चेहरा बसला होता, गाल आत, ओठ आत, नाक हनुवटीला भेटायला आलेलं. हे तोंड त्यानं दीड वर्षात पाहिलं नव्हतं. त्याच्यासमोर तिनं दात कधी काढलेच नव्हते, झोपतानासुद्धा खोलीचं दार लावून घ्यायची. कुणीतरी फिसकन हसलं. ‘आजी, दात का काढले?’ आई कुणाकडेच बघत नव्हती, एकट्या त्याच्याकडे बघत होती. तिला बोलता आलं असतं. ‘मी टाकते’ म्हणाली असती तर प्रश्न मिटला असता. ती म्हणाली नाही. त्याची लाज तिच्या तोंडून जायला नको म्हणून ती गप्प होती, आणि जे सांगायचं ते तिनं फक्त त्याला कळेल असं हातात धरलं होतं. ‘आजी, खाली घ्या हात,’ मोठ्या बाई समजुतीनं म्हणाल्या, ‘तुमच्या घराचा हात आधीच मोजलाय.’ आईनं घेतला नाही. मग मोठ्या बाई त्याच्याकडे वळल्या. ‘बोला हो. घराचं एकच मत धरायचं. तुमचं धरू की आजींचं?’

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. शिंपीणही. तिच्या नजरेत विनवणी वगैरे काही नव्हतं, ती नुसती बघत होती, कापड कापायच्या आधी बघतात तसं. खिशातला बटाटा मऊ होऊन हातमोज्यातून पाझरत होता, त्याला मांडीवर ओल कळत होती. आईचं तोंड उघडं होतं, त्या काळ्या ओल्या पोकळीत डाव्या बाजूला, मागं, हिरडीवर काहीतरी लाल-पांढरं होतं. बरोबर त्याच जागी, जिथं त्याची सुरी फिरली होती. त्याला ते इतक्या लांबून खरंच दिसत होतं, का तो मनानंच बघत होता, देव जाणे. त्याला तिथून पळावंसं वाटलं, त्या तोंडापासून, त्या बाकापासून. ‘माझं धरा,’ तो म्हणाला. आणि एवढ्यावर थांबावं ना? तर नाही. ‘तिचं मनावर घेऊ नका. वय झालंय तिचं.’ वहीत काहीतरी लिहिलं गेलं. आईनं हात खाली घेतला. तिनं रुमालानं दात पुसले, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि तोंड उघडून ते आत बसवले. बसताना तिच्या डोळ्यांच्या कडा एकदम आवळल्या. मग चेहरा पुन्हा भरला, फोटोतल्यासारखा. शिंपीण तिच्या कानाशी म्हणाली, ‘मावशी, असू दे हो,’ आणि उठून आपल्या वाफ्याकडे गेली. तिनं घेवड्याची काठी उपटायला सुरुवात केली तेव्हा विमावाला म्हणत होता, ‘रोपं ठेवली तरी चालतील.’

घरात शिरल्याबरोबर तो न्हाणीघरात गेला, बटाटा टाकला, पँट बदलली, हात धुतले, परत धुतले. आरशात त्यानं स्वतःचं तोंड उघडून बघितलं. बत्तीस दात, एकही किडलेला नाही. त्याला स्वतःची अशी शिसारी आली, की तोंड मिटल्यावरसुद्धा ती आतच राहिली. बाहेर येऊन बघतो तर आई टेबलाशी बसलेली, ताट मांडून. सकाळीच त्यानं करून ठेवलं होतं, परतलेलं गाजर, फ्लॉवर, कडक भाजलेल्या ब्रेडचे जाड काप. तिनं वाढून घेतलं होतं, नेहमी त्याच्यासमोर रविवारी घ्यायची त्याच्या दुप्पट. ‘ये,’ ती म्हणाली, ‘गार होतंय.’ तो समोर बसला. आईनं ब्रेडचा काप उचलला, पुढच्या दातांत धरला आणि चावला. कर्रकन आवाज झाला. मग चावायला लागली, हळूहळू, डोळे ताटात. प्रत्येक चावण्याला तिच्या कपाळावरची एक शीर उभी राहत होती. गिळलं. पाणी प्यायली. पुढचा घास घेतला. हातातल्या ब्रेडच्या कडेला एक गुलाबी पुसट रेघ उमटली होती, आणि तीच कडा तिनं पुन्हा तोंडात घातली. त्याला बघवेना, आणि मान वळवायची तर लाज वाटत होती.

‘आई,’ तो म्हणाला. ‘काढ ना ते. मी दूध आणतो. ब्रेड कुस्करून देतो.’

‘का रे? चांगले झालेत की दात.’ ती रागानं म्हणाली नाही, अगदी रोजच्यासारखं म्हणाली. ‘फोटोतल्यासारखे झालेत.’

‘मी नवीन माप घेतो. उद्याच घेतो. दोनदा घेतो.’

आईनं गाजराची फोड तोंडात घातली, चावली, डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. ‘घे की सावकाशीनं. पण तोवर ह्या घरातलं काही खाली जायला नको,’ ती म्हणाली. ‘तिचा वाफा गेला आज. उद्या काही सापडलं तर अजून कुणाचा जाईल. कुणाचा म्हणून घालवायचा?’ तिनं ताटातलं फ्लॉवरचा शेवटचा तुरा बोटानं कडेला घेतला, खाल्ला, ताट निपटून काढलं. टेबलावर एक कण ठेवला नाही. मग तिनं ताट त्याच्यापुढं सरकवलं. ‘भांड्यात उरलंय का काही?’

उरलं होतं. पुष्कळ उरलं होतं.

‘मग वाढ,’ आई म्हणाली.

त्यानं वाढलं.